वीर्य तपासणीचा रिपोर्ट आला, पण पुरुषाला तपासलं कुणी?

सूक्ष्मदर्शिनी

मी एका जिल्ह्याच्या गावी पॅथॉलॉजी लॅबमध्ये तंत्रज्ञ आहे. वीर्य तपासणीची सॅम्पल्स बहुतेक माझ्याच टेबलावर येतात. या विषयावर लिहायचं बरेच दिवस मनात होतं. रिपोर्ट न्यायला आलेल्या जोडप्यांच्या हातातल्या फायली पाहिल्या की जीव तुटतो. बायकोची फाइल जाडजूड: हार्मोन्सच्या तपासण्या, दर महिन्याच्या सोनोग्राफ्या, नळ्यांचा एक्स-रे, कुणाकुणाची तर दुर्बिणीची शस्त्रक्रियासुद्धा झालेली. नवऱ्याचा कागद एकच, तोही आज पहिल्यांदा निघणार असतो. नळ्यांच्या एक्स-रेला किती कळा येतात ते ज्यांनी केलाय त्यांना विचारा. वीर्य तपासणीला ना सुई, ना भूल, आणि खर्चही त्या मानाने फारच थोडा. तरी ती सगळ्यांत शेवटी होते.

वर्षभर कोणतंही साधन न वापरता संबंध ठेवूनही दिवस राहिले नाहीत, तर तपासणी करावी. बायको पस्तिशीच्या पुढे असेल तर सहा महिन्यांतच करावी. आणि ती दोघांची, एकाच वेळी. मूल होत नाही अशा जोडप्यांपैकी जवळपास निम्म्यांत पुरुषाकडे काही ना काही कारण सापडतं, कधी एकटं, कधी बायकोकडच्या कारणाच्या जोडीने.

एक गोष्ट उघडच लिहिते, कारण काउंटरवर ती सतत कानावर येते: "मॅडम, माझं सगळं व्यवस्थित आहे, मला कशाला?" संबंध व्यवस्थित होणं आणि शुक्राणू असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वीर्यातला बहुतेक भाग शुक्राशय आणि प्रोस्टेट या ग्रंथींच्या स्रावाचा असतो. शुक्राणूंचा वाटा अगदी थोडा. त्यामुळे शुक्राणू एकही नसला तरी नुसत्या डोळ्यांना वीर्य नेहमीसारखंच दिसू शकतं. फरक फक्त सूक्ष्मदर्शकाखाली कळतो.

आता सॅम्पलबद्दल, कारण निम्मे घोळ इथेच होतात. आधी दोन ते सात दिवस वीर्यपतन झालेलं नसावं. डबी लॅबमधूनच घ्या, रुंद तोंडाची, निर्जंतुक. साबण, तेल, थुंकी काही वापरायचं नाही. साधा कंडोमही चालत नाही, त्यातल्या रसायनाने शुक्राणू मरतात. सगळ्यांत जास्त शुक्राणू पहिल्या थेंबांत असतात, तेव्हा सुरुवातीचा भाग सांडला असेल तर लाज न धरता सांगा. आम्ही तशी नोंद करतो, नाहीतर काउंट उगाच कमी दिसतो. घरून आणत असाल तर डबी शर्टाच्या आतल्या बाजूला, अंगाच्या उबेत ठेवा आणि तासाभराच्या आत पोचवा. बर्फात घालून आणलेली सॅम्पल्स मी पाहिली आहेत. त्यांत हालचाल काय दिसणार!

सॅम्पल आलं की आधी ते पातळ व्हायची वाट पाहते. साधारण अर्ध्या तासात होतं. मग स्लाइड. चांगल्या सॅम्पलमध्ये सगळं क्षेत्र सळसळत असतं, शुक्राणू सरळ रेषेत एका कडेकडून दुसऱ्या कडेकडे निघून जातात. काही जागच्या जागी शेपटी हलवतात, काही पडून असतात. तिन्ही प्रकार वेगवेगळे मोजायचे. काउंट मोजायची काचेची चौकट वेगळी असते. एकच सॅम्पल दोनदा, दर वेळी किमान २०० शुक्राणू मोजायचे, आणि दोन आकडे जुळले नाहीत तर पुन्हा पहिल्यापासून. कुणी दहा मिनिटांत रिपोर्ट हातात देत असेल, तर तो दुसऱ्या लॅबमधून पडताळून घ्या असं मी स्पष्ट सांगेन.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या आवृत्तीतल्या खालच्या मर्यादा अशा: वीर्य १.४ मिली, काउंट मिलीलीटरला १ कोटी ६० लाख, एकूण शुक्राणू ३ कोटी ९० लाख, हलणारे ४२ टक्के, पुढे सरकणारे ३० टक्के, नीट आकाराचे ४ टक्के. हो, चारच. "९६ टक्के खराब आहेत" म्हणून रडू फुटलेला माणूस मी समोर पाहिला आहे, आणि त्याचा रिपोर्ट नॉर्मल होता. हे आकडे ज्यांच्या बायकांना वर्षभराच्या आत दिवस राहिले, अशा पुरुषांच्या तपासण्यांतून आले आहेत. त्या बाप झालेल्यांतही पाच टक्के या रेषेच्या खालीच होते. म्हणून एका रिपोर्टवर निकाल लावू नका. महिन्याभराने दुसरा करा. मधे मोठा ताप येऊन गेला असेल तर तीन महिन्यांनी, कारण शुक्राणू तयार व्हायलाच अडीच महिन्यांच्या आसपास लागतात आणि पुढे बाहेर येईपर्यंत आणखी काही दिवस.

मला खरी तळमळ आहे ती याच्या पुढची. रिपोर्ट कमी आला की माझ्या पाहण्यात दोनच वाटा असतात: तीन महिन्यांच्या गोळ्या, नाहीतर थेट टेस्ट ट्यूबची तारीख. मधे त्या पुरुषाला कुणी हात लावून तपासतच नाही. अंडकोषांचा आकार, वीर्यनलिका आहे की नाही, शिरा फुगल्यात का, लहानपणी हर्नियाचं ऑपरेशन झालं होतं का, अंडकोष उशिरा खाली उतरले होते का, वयात आल्यावर गालगुंड होऊन वृषण सुजलं होतं का. यातलं काही कागदावर नसतं. माझ्या लॅबचा रिपोर्ट शुक्राणू किती ते सांगतो, का ते सांगत नाही. त्यासाठी युरोलॉजिस्टकडे, म्हणजे मूत्रमार्ग आणि पुरुषांच्या जननेंद्रियांच्या डॉक्टरांकडे, जावं लागतं.

तुमचे अनुभव लिहा. आयडी नवा काढून लिहिलंत तरी चालेल.

---

रानजाई

ताई, तुम्ही माझ्याच घरातलं लिहिलंत असं वाटलं. सातारा जिल्हा, एकत्र कुटुंब. नवस, उपास, गावातल्या आजीचं औषध, तालुक्याची डॉक्टरीण, सगळं माझं झालं. हळदीकुंकवाला गेलं की "काही विशेष?" हा प्रश्न ठरलेला, म्हणून जाणंच बंद केलं. दोघांच्या तपासणीचा विषय काढला की सासूबाई म्हणतात, "त्याला काय धाड भरलीय? आमच्या घराण्यात कुणाला असलं काही नाही." हे स्वतः वाईट नाहीत, पण आईसमोर गप्प बसतात आणि नंतर चिडतात. काय करावं?

---

सूक्ष्मदर्शिनी

@रानजाई, तुमच्या डॉक्टरीणबाईंना सांगा की पुढच्या वेळी दोघांच्या तपासण्या एकाच चिठ्ठीवर लिहून द्या. "तुझी तपासणी कर" असं बायकोने म्हणणं वेगळं आणि डॉक्टरांनी दोघांची नावं लिहिलेली चिठ्ठी देणं वेगळं. चिठ्ठीवर नाव असलं की पुरुष येतात, हे मी रोज पाहते. लॅबमधल्या खोलीत संकोच वाटत असेल तर घरून आणायची सोय असते, आणि तुम्ही सोबत आलात तरी कुणी अडवत नाही. रिपोर्ट आम्ही फक्त ज्याचा त्याच्या हातात देतो. सासूबाईंना तो दाखवायचा की नाही, हे तुम्ही दोघांनी ठरवायचं.

---

पिंपळपार

रानजाई, मी वयाने मोठा आहे, म्हणून वडीलकीच्या नात्याने लिहितो. माझ्या धाकट्या भावाच्या वेळी घरात हेच चाललं होतं. भावजयीला माहेरी पाठवायच्या गोष्टी सुरू झाल्या, तेव्हा मी भावाला शेतात गाठलं आणि म्हटलं, चल, आपण दोघं जाऊन येऊ. बायकोने सांगितलेलं त्याला टोचत होतं, माझं ऐकलं. तुमच्या मिस्टरांचा एखादा समंजस मित्र, मेहुणा, थोरला भाऊ असेल तर त्याला विश्वासात घ्या. आणि बाई, ज्या तपासण्या तुमच्या झाल्यात त्या पुन्हा पुन्हा करून घेऊ नका, मिस्टरांची तपासणी होईपर्यंत तरी.

---

नवा_आयडी_७

पहिल्यांदाच लिहितोय. माझा रिपोर्ट "निल" आला होता, म्हणजे शुक्राणू एकही नाही. लॅबच्या माणसाने कागद घडी करून दिला आणि खाली बघितलं, तेव्हाच कळलं. त्याआधी बायकोची दुर्बीण झाली होती. तिच्यात काही दोष निघाला नव्हता.

पहिल्या सेंटरमध्ये पाच मिनिटांत दात्याचे शुक्राणू वापरायचा सल्ला मिळाला. मला कुणी तपासलं नाही, का निल आहे ते सांगितलं नाही. बायकोच म्हणाली, आपण आधी कारण शोधू. मग पुण्यात एका युरोलॉजिस्टकडे गेलो. त्यांनी दोऱ्यात ओवलेल्या, चढत्या आकाराच्या अंडाकृती मण्यांची माळ काढली आणि एकेक मणी माझ्या अंडकोषाशी ताडून पाहिला. प्रत्येक मण्यावर मिलीचा आकडा असतो. मोठ्या पुरुषात १५ किंवा पुढचे आकडे अपेक्षित असतात, माझं माप सुरुवातीच्या मण्यांवरच थांबलं. रक्तात एफएसएच, म्हणजे वृषणाला शुक्राणू बनवायला लावणारं हार्मोन, खूप वाढलेलं, टेस्टोस्टेरॉन कमी. गुणसूत्रांची तपासणी केली, ४७ एक्सएक्सवाय निघाली, म्हणजे एक एक्स गुणसूत्र जास्तीचं. क्लाइनफेल्टर म्हणतात. जन्मापासून होतं आणि पस्तिशीपर्यंत कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

मायक्रो-टेसे नावाची शस्त्रक्रिया केली. त्यात सूक्ष्मदर्शकाखाली वृषणाच्या आतल्या नलिका शोधून शुक्राणू मिळतात का बघतात. माझ्यासारख्यांतही बऱ्याच जणांना मिळतात. मला मिळाले नाहीत. तो दिवस फार जड गेला.

तरी तपासणी केल्याचं समाधान मोठं आहे. कायम थकवा, हाडं ठिसूळ होऊ लागलेली, या सगळ्याचं कारण तेच होतं. आता टेस्टोस्टेरॉनचे उपचार चालू आहेत आणि तब्येतीत फरक आहे. थेट दात्याकडे गेलो असतो तर हे मला कधीच कळलं नसतं. आम्ही दोघांनी दत्तकासाठी केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरणाच्या पोर्टलवर नोंदणी केली आहे. गृहभेट झाली, आता प्रतीक्षा यादीत आहोत.

---

शस्त्रक्रियागार

मी युरोलॉजिस्ट आहे. वरच्या बंधूंनी धीराने लिहिलंय, त्यांना मनापासून नमस्कार.

शुक्राणू शून्य असण्याचे दोन मुख्य प्रकार. एक, कारखान्यात माल तयार होतो पण रस्ता बंद आहे. दुसरा, तयारच होत नाही किंवा फार थोडा होतो. पहिल्यात अंडकोष नीट आकाराचे, एफएसएच सहसा नॉर्मल. कारणं म्हणजे जुना जंतुसंसर्ग, आपल्याकडे अजूनही क्षयरोग, लहानपणी दोन्ही बाजूंच्या हर्नियाच्या ऑपरेशनमध्ये दुखावलेली वीर्यनलिका, किंवा जन्मतःच नसलेली नलिका. नलिका आहे की नाही हे बोटांनी चाचपून कळतं, तिथे महागड्या तपासणीची गरज नसते. रस्ता बंद असणाऱ्यांमध्ये सुईने शुक्राणू काढता येतात, काहींमध्ये रस्ता पुन्हा जोडताही येतो.

दुसऱ्या प्रकारात गुणसूत्रं तपासायची, आणि वाय गुणसूत्राचा एखादा बारीक तुकडा गळालाय का तेही. ते शस्त्रक्रियेच्या आधी तपासायचं, कारण वाय गुणसूत्रावरचा एझेडएफ-ए किंवा एझेडएफ-बी हा भाग पूर्ण गेला असेल तर वृषणात शुक्राणू सापडण्याची आशा जवळपास नसते आणि रुग्णाची शस्त्रक्रिया टळते. एझेडएफ-सी गेला असेल तर सापडू शकतात, पण मुलगा झाला तर तोच दोष त्याच्यात उतरतो, हे आधी सांगायला हवं.

आणि एक प्रकार असा आहे की जो गाठला तर आनंद होतो: मेंदूतल्या पियूष ग्रंथीकडून हुकूमच येत नाही. एफएसएच आणि एलएच ही त्या ग्रंथीची हार्मोन्स, आणि टेस्टोस्टेरॉन, तिन्ही कमी. अशा पुरुषांना इंजेक्शनं देऊन शून्यावरून शुक्राणू येतात, अनेकांना नैसर्गिक संबंधातून मूल होतं. वेळ लागतो, कधी वर्ष, कधी दोन. पण रक्ताची साधी तपासणी न करता त्यांना "निल" म्हणून परत पाठवलं जातं, याचं फार वाईट वाटतं.

फुगलेल्या शिरा, म्हणजे व्हेरिकोसिल, हे सुधारता येण्याजोगं सगळ्यांत जास्त आढळणारं कारण. सर्वसाधारण पुरुषांत १५ टक्क्यांच्या आसपास असतं, मूल न होणाऱ्यांत ३५ ते ४० टक्के. बहुधा डाव्या बाजूला, कारण डावी शीर सरळ वर जाऊन मूत्रपिंडाच्या शिरेला काटकोनात मिळते आणि रक्त खाली तुंबतं. वृषणाला शरीरापेक्षा दोन-तीन अंश थंडावा लागतो, तो मिळत नाही. रुग्णाला उभं करून, जोर लावायला सांगून तपासायचं. हाताला लागणारं व्हेरिकोसिल आणि बिघडलेला रिपोर्ट, दोन्ही असतील तर शस्त्रक्रियेचा विचार करावा. नुसत्या सोनोग्राफीत दिसलेल्या, हाताला न लागणाऱ्या शिरांवर शस्त्रक्रिया करून घेऊ नका.

---

पेठेतला

डॉक्टर, त्या गोळ्यांबद्दल सांगा ना. महिन्याला काही हजार जातात. झिंक, को-क्यू, लायकोपीन, काय काय असतं.

---

शस्त्रक्रियागार

अमेरिकेत फॉलिक अ‍ॅसिड आणि झिंकची मोठी चाचणी झाली, २,३७० जोडप्यांवर. २०२० मध्ये निकाल आला: गोळी घेणाऱ्यांत आणि साखरेची गोळी घेणाऱ्यांत मूल होण्याच्या प्रमाणात फरक नाही. त्याच वर्षी अँटिऑक्सिडंटच्या मिश्र गोळ्यांच्या एका छोट्या चाचणीतही फायदा दिसला नाही. त्या पैशांत दोघांच्या नीट तपासण्या होतात. तंबाखू, मिश्री, गुटखा सोडा, वजन कमी करा, दारू आवरा. याचा फायदा गोळीपेक्षा खात्रीचा आहे. आणि दर तीन महिन्यांनी नव्या गोळ्या घेण्यात बायकोचं वय पुढे सरकतं, ते परत मिळत नाही.

---

जिमकट्टा

मी २६ वर्षांचा. ट्रेनरच्या सांगण्यावरून टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं घेतोय. पुढच्या वर्षी लग्न आहे. आता अंडकोष लहान झाल्यासारखे वाटतात. टेस्टोस्टेरॉनने तर शुक्राणू वाढायला हवेत ना?

---

शस्त्रक्रियागार

उलट होतं. बाहेरून टेस्टोस्टेरॉन आलं की पियूष ग्रंथी आपलं काम थांबवते, आणि वृषणाच्या आत शुक्राणूंसाठी टेस्टोस्टेरॉनचं जे प्रचंड प्रमाण लागतं ते कोसळतं. जागतिक आरोग्य संघटनेने पुरुषांसाठी गर्भनिरोधक म्हणून हीच इंजेक्शनं वापरून पाहिली होती. १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात सहा महिन्यांत सुमारे दोन-तृतीयांश पुरुषांचे शुक्राणू शून्यावर आले. बंद केल्यावर बहुतेकांचे परत येतात, पण कित्येक महिने लागतात, काहींना वर्षाहून जास्त. स्वतःच्या मनाने दुसरं कुठलं इंजेक्शन सुरू करू नका. या आठवड्यात डॉक्टरांना भेटा, वीर्य तपासणी आणि हार्मोन्स करून घ्या, आणि काय काय घेतलं ते खरं सांगा. लग्नाला वर्ष आहे, म्हणजे तुमच्या हातात वेळ आहे.

---

बांधावरून

आमची द्राक्षबाग आहे, तासगाव भाग. छाटणीपासून सतत फवारणी असते. याचा संबंध असतो का? घरात कुणी बोलत नाही, पण वस्तीवर दोन-तीन जोडप्यांना मूल नाही.

---

सूक्ष्मदर्शिनी

@बांधावरून, विचारलंत ते बरं केलंत. काही शेतरसायनांचा संबंध पक्का सिद्ध झालेला आहे. सगळ्यांत गाजलेलं उदाहरण डीबीसीपी या सूत्रकृमिनाशकाचं. १९७७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका कारखान्यात कामगारच जेवताना आपसांत बोलू लागले की आपल्यापैकी कुणालाच मुलं होत नाहीयेत. तपासण्या केल्या तेव्हा अनेकांचे शुक्राणू फार कमी किंवा शून्य निघाले. ते औषध आता आपल्याकडेही बंद आहे. तुमच्या वस्तीवर कशामुळे होतंय हे इथून सांगता येणार नाही, पण फवारणी करणाऱ्याने डॉक्टरांना आणि लॅबमध्ये ते आवर्जून सांगावं, औषधांच्या बाटल्यांची नावं लिहून न्यावीत. हातमोजे, मास्क, पूर्ण बाह्यांचे कपडे वापरा. फवारणीचे कपडे घरात आणू नका, वेगळे धुवा, आणि अंघोळ करूनच जेवायला बसा. भट्टीवर, फाउंड्रीत, बेकरीत उष्णतेजवळ काम करणाऱ्यांनीही आपलं काम काय ते सांगायला हवं.

---

दुबईकर_वहिनी

आम्ही दात्याचा विचार करतोय. भारतात येऊन करायचं आहे. नात्यातल्या एका भावाने मदत करायची तयारी दाखवली आहे, ते चालतं का? आणि मुलावर पुढे कुणी हक्क सांगू शकतं का?

---

शस्त्रक्रियागार

@दुबईकर_वहिनी, नात्यातला माणूस चालत नाही. २०२१ च्या सहाय्यित प्रजनन तंत्रज्ञान कायद्याप्रमाणे शुक्राणू नोंदणीकृत बँकेतूनच घ्यावे लागतात, दाता २१ ते ५५ वयाचा, त्याची ओळख गुप्त, आणि एका दात्याचे शुक्राणू एकाच जोडप्याला. तुम्हा दोघांची लेखी संमती लागते. मूल कायद्याने तुमचंच, दात्याचा त्यावर हक्क राहत नाही. मात्र मिस्टरांची तपासणी पूर्ण झाली आहे का? आधी ती करा, वृषणातून मिळण्यासारखे असतील तर दात्याची गरजच पडणार नाही. एकच जिवंत शुक्राणू बीजात सोडण्याची इक्सी पद्धत १९९२ पासून जगात आहे.

---

रानजाई

सगळ्यांचे आभार. चिठ्ठीचं डॉक्टरीणबाईंना सांगितलं, त्या लगेच तयार झाल्या. ह्यांना धागा वाचायला दिला. नवा_आयडी_७ यांचं लिहिलेलं दोनदा वाचलं त्यांनी. शनिवारी जाणार आहोत.

---

कृष्णाकाठ

थोडा वेगळा प्रश्न, पण घाई आहे. माझा धाकटा भाऊ २२ वर्षांचा. लसिकाग्रंथींचा कॅन्सर निघालाय, पुढच्या आठवड्यात केमो सुरू. डॉक्टर म्हणाले बरा होईल. आई-बाबा त्याच धक्क्यात आहेत. कुणीतरी म्हणालं की नंतर मूल होणार नाही. खरं आहे का?

---

शस्त्रक्रियागार

औषधं कोणती त्यावर अवलंबून आहे. काहींत शुक्राणू परत येतात, काहींत कायमचे जातात. म्हणून केमोच्या आधी शुक्राणू गोठवून ठेवायचे. द्रव नायट्रोजनमध्ये, उणे १९६ अंशांवर, ते वर्षानुवर्षं टिकतात. उद्या सकाळीच ऑन्कोलॉजिस्टना, म्हणजे कॅन्सरच्या डॉक्टरांना, फोन करा आणि "शुक्राणू गोठवायचे आहेत, चिठ्ठी द्या" असं सांगा. एक-दोन दिवसांच्या अंतराने दोन-तीन सॅम्पल्स देता आली तर उत्तम, एकच झालं तरी चालेल. आजारामुळे काउंट कमी असला तरी ठेवा, इक्सीला थोडेही पुरतात. बँक एचआयव्ही, हिपॅटायटिस बी, सी आणि सिफिलिसचे रिपोर्ट मागते. त्यातले बरेचसे केमोच्या आधी झालेले असतात, प्रती सोबत न्या. भावाशी तुम्ही एकट्याने बोला, आई-बाबांसमोर नको, म्हणजे त्याला मोकळेपणाने हो म्हणता येईल.

---

सूक्ष्मदर्शिनी

@कृष्णाकाठ, तुम्ही कोणत्या जिल्ह्यात आहात ते व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. जवळची नोंदणीकृत बँक कोणती, ती सकाळी किती वाजता सॅम्पल घेते, हे आज रात्रीच विचारून कळवते.